पेंडंटवरून रेडिओ रिमोटवर: एका १० टनी क्रेनचा प्रवास

१० टनी डबल गर्डर क्रेन पेंडंटवरून, म्हणजे केबलने लटकणाऱ्या बटणांच्या पेटीवरून, रेडिओ रिमोटवर नेण्याचं काम मागच्या आठवड्यात संपलं. रिसीव्हर बसवून वायरिंग करायला जेमतेम दीड दिवस लागला. बाकी सगळा वेळ मोजमापं, परवाने, सेट येण्याची वाट आणि ‘थांब’ म्हटल्यावर क्रेन खरंच थांबते का हे पुन्हा पुन्हा पाहण्यात गेला. मॅन्युअलमध्ये वायरिंगला बारा पानं आणि या बाकीच्या भागाला एक पान मिळतं, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

क्रेन अशी: स्पॅन म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १८ मीटर, बे म्हणजे क्रेन फिरते तो शेडचा पट्टा ६० मीटर लांब. होइस्टला, म्हणजे भार उचलणाऱ्या यंत्रणेला, दोन वेगांची मोटर, कॉन्टॅक्टरवर (कॉइलला वीज मिळाली की जोडणारा मोठा स्विच) चालणारी. क्रॉस ट्रॅव्हल (ट्रॉली गर्डरवर) आणि लाँग ट्रॅव्हल (पूर्ण क्रेन रुळांवर) म्हणजे सीटी आणि एलटी, दोन्ही व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर. कंट्रोल व्होल्टेज ११० व्होल्ट एसी. त्याच रुळांवर ५ टनी दुसरी क्रेन आहे आणि ती आधीपासून रिमोटवर चालते. ही शेजारीण पुढे बऱ्याचदा आडवी येणार आहे.

ऑर्डर देण्याआधी

पुरवठादाराचा प्रश्नतक्ता दोन पानी होता. घाईत भरला तर चुकीचा सेट येतो, म्हणून तो पॅनल उघडून, मीटर हातात घेऊन भरला. आधी हालचाली मोजल्या: वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे अशा सहा दिशा, प्रत्येकीला रिसीव्हरमधला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. प्रत्येक जोडीला जलद वेगाचा एकेक रिले म्हणजे तीन. भोंग्याचा एक. झाले दहा. दोन जादा धरून बारा रिलेंचा रिसीव्हर मागवला. स्टॉपचे रिले यात धरायचे नाहीत. ते वेगळे असतात आणि चांगल्या सेटमध्ये दोन असून एकमेकांशी सिरीजमध्ये येतात. एक चिकटला तरी दुसऱ्याने सर्किट तुटतं.

बटणं दोन टप्प्यांची घेतली: अर्धं दाबलं की हळू, पूर्ण दाबलं की जलद. स्टॉप बटण दाबल्यावर आतच अडकणारं, फिरवून सोडवायचं. किल्ली वेगळी निघणारी. दिशांच्या जोड्यांना रिमोटमध्येच इंटरलॉक हवा, म्हणजे ‘वर’ आणि ‘खाली’ एकदम दाबले तर एकही आज्ञा जाणार नाही. पॅनलमधला कॉन्टॅक्टरचा यांत्रिक इंटरलॉक असतोच, पण तो शेवटचा बचाव समजावा.

फ्रिक्वेन्सीचा प्रश्न कागदाचाही आहे. विनापरवाना वापरायचे पट्टे आणि त्यातली शक्तीची मर्यादा देशागणिक बदलते. ४३३ मेगाहर्ट्झ अनेक ठिकाणी चालतो, युरोपात ८६८ आणि अमेरिकेत ९१५ हे नेहमीचे, २.४ गिगाहर्ट्झ जवळपास सगळीकडे. सेट आपल्या देशात चालवायला मान्य आहे याचा दाखला ऑर्डरबरोबरच मागून घ्यावा. माल आल्यावर त्या कागदासाठी ईमेल करत बसणं फार कंटाळवाणं असतं. आमच्या बेमध्ये वायफायची गर्दी असल्यामुळे ४३३ निवडला आणि शेजारच्या क्रेनच्या रिमोटचा चॅनल नंबर ऑर्डरवरच लिहून दिला: हा सोडून दुसरा द्या.

तीन आठवड्यांची वाट आणि पॅनलचं वाचन

सेट यायला तीन आठवडे लागले. त्या वेळात पॅनलचं जुनं ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष वायरिंग ताडून पाहिलं. जुळलं नाही. जुन्या क्रेनचं सहसा जुळतही नाही.

इथे सापडलेली एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण हीच चूक सगळ्यात जास्त होते. होइस्टचा वरचा लिमिट स्विच ‘वर’ कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये असतो. हूक ब्लॉक वर पोचला की स्विच उघडतो, कॉइल सुटते, हूक थांबतो. पेंडंटची ‘वर’ची वायर टर्मिनल पट्टीवर येते, तिथून लिमिट स्विचकडे जाते, मग इंटरलॉकच्या संपर्कातून कॉइलवर. आता रिसीव्हरची वायर कुठे जोडायची? पॅनलमध्ये सोपी जागा म्हणजे थेट कॉन्टॅक्टरचा ए१, कॉइलचं टर्मिनल. तो समोर दिसतो, स्क्रू मोकळा असतो. पण तिथे जोडलं की लिमिट स्विच वाटेतून गळाला. रिमोटवरून हूक ड्रमपर्यंत ओढला तरी काही थांबणार नाही आणि दोर तुटेल. पेंडंटवरून तपासलं तर मात्र लिमिट अगदी बरोबर चालेल, त्यामुळे कुणाला संशयही येणार नाही.

म्हणून रिसीव्हरची प्रत्येक वायर पेंडंटची तीच वायर जिथे उतरते त्या टर्मिनलवरच न्यायची असं ठरवलं. त्यापुढचं सगळं, लिमिट, इंटरलॉक, ओव्हरलोडचा संपर्क, आहे तसं राहतं.

याचा दुसरा फायदा व्हीएफडीला झाला. व्हीएफडीच्या कंट्रोल इनपुटला २४ व्होल्ट डीसी लागतं. आमच्या पॅनलमध्ये पेंडंटचे ११० व्होल्ट छोट्या मधल्या रिलेंवर येतात आणि त्या रिलेंचे संपर्क व्हीएफडीला जातात. रिसीव्हरवरून थेट व्हीएफडीला वायर टाकायची तर कॉमन टर्मिनल (रिलेंची सामाईक बाजू) वेगळं ठेवावं लागतं. एखाद्या पट्टीने सगळे कॉमन जोडून टाकले की ११० व्होल्ट थेट इनपुट कार्डात जातात. कार्ड जळतं, क्रेन आठवडाभर उभी.

सेट आला तो नेमका शेजारच्या क्रेनच्याच चॅनलवर. ओळख-कोड वेगळा असल्यामुळे या रिमोटवर ती क्रेन हलली नसती, पण दोन रिमोट एकाच चॅनलवर एकदम बोलू लागले की संदेश एकमेकांवर आदळतात आणि दोन्ही क्रेन अधूनमधून विनाकारण थांबतात. चॅनल रिमोट आणि रिसीव्हर दोन्हींत बदलावा लागतो. पुरवठादाराकडून पद्धत मिळेपर्यंत आणखी तीन दिवस गेले.

पहिला दिवस: वीज बंद, रिसीव्हर वर

सकाळचे दोन तास परवान्यांत गेले. उंचीवरच्या कामाचा वेगळा, विजेचा वेगळा. क्रेनचा स्वतःचा आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करून कुलूप लावलं, पण तेवढं पुरत नाही. रुळालगतचा बसबार, म्हणजे वीज पुरवणारी पट्टी, दोन्ही क्रेनना मिळून एकच आहे, त्यामुळे आयसोलेटर बंद असला तरी कलेक्टरपर्यंत (पट्टीवरून वीज घेणारे सरकते संपर्क) वीज जिवंत असते. कलेक्टरच्या बाजूने चढायचं होतं म्हणून पूर्ण बेचा मेन बंद करून त्यालाही कुलूप आणि टॅग लावला, प्रत्येक माणसाचं वेगळं. शेजारची क्रेन बेच्या टोकाला नेऊन रुळावर क्लँपचे स्टॉपर आवळले. मीटर आधी चालू लाइनवर तपासला, मग बंद लाइन मोजली, मग पुन्हा चालू लाइनवर. मीटरची वायरच तुटलेली असेल तर तोही शून्यच दाखवतो. व्हीएफडीचे कपॅसिटर उतरायला त्याच्यावर लिहिलेला वेळ थांबलो आणि डीसी बसवर मोजूनच हात घातला.

रिसीव्हर पॅनलच्या आत बसवू नये. लोखंडी पेटीत रेडिओ ऐकू येत नाही. आमचा गर्डरच्या खालच्या फ्लँजवर, रबरी बुशवर, केबलचे ग्लँड खाली तोंड करून बसवला. ग्लँड वर असले की धूळ आणि कंडेन्सेशनचं पाणी आत उतरतं. अँटेना उभा, आसपास मोकळी जागा. ४३३ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ६९ सेंटिमीटर असते, तिचा पाव म्हणजे १७. गर्डरच्या कुशीत तो लपवला तर पल्ला निम्म्याहूनही कमी होतो.

रिसीव्हरची वीज मेन कॉन्टॅक्टरच्या (पूर्ण क्रेनची वीज जोडणारा) आधीपासून घ्यायची, वेगळ्या फ्यूजमधून. नंतरून घेतली तर गंमत होते: स्टॉप दाबला की मेन सुटतो, रिसीव्हरही मरतो, आणि पुन्हा मेन ओढायला रिसीव्हरच जिवंत नसतो.

दुसरा दिवस: वायरिंग

प्रत्येक वायरला फेरूल (नंबराची छोटी नळी), प्रत्येक टोकाला लग, रंगापेक्षा नंबरवर भरवसा. रिसीव्हरचे दोन स्टॉप रिले मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये घेतले. पेंडंटचा स्टॉपही त्याच साखळीत राहिला. पेंडंट की रिमोट हे ठरवायला किल्लीचा सिलेक्टर बसवला, त्याचा एक संपर्क हालचालींचा कॉमन बदलतो. पेंडंटचा स्टॉप मात्र त्याच्या तडाख्यात येऊ द्यायचा नाही. सिलेक्टर कुठेही असो, पेंडंटचं लाल बटण दाबलं की क्रेन थांबलीच पाहिजे.

उलटं मात्र खरं नाही. पेंडंटवर चालताना रिमोट बंद असतो, मग त्याचे स्टॉप रिले उघडे आणि मेन ओढतच नाही. म्हणून सिलेक्टरच्या दुसऱ्या संपर्काने पेंडंटच्या स्थितीत ते रिले वळसा घालून सोडावे लागतात. बंद पडलेल्या रिमोटवरचं स्टॉप बटण काहीही करत नाही, ही गोष्ट चालवणाऱ्याला तोंडाने सांगावी लागते. आयईसी ६०२०४ या यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाने म्हणूनच बिनतारी स्टॉपला एकमेव आपत्कालीन स्टॉप मानायला मनाई केली आहे. जमिनीवर, खांबाजवळ, तारेने जोडलेला एक तरी हवाच.

कॉन्टॅक्टरच्या प्रत्येक कॉइलवर सप्रेसर लावले: ११० व्होल्ट एसीला आरसी, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. कॉइल सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका रिसीव्हरच्या बारीक रिलेंचे संपर्क हळूहळू खातो आणि काही महिन्यांनी एखादा चिकटतो. बटण सोडलं तरी हालचाल चालूच, असा दोष बहुतेक वेळा इथून येतो.

तिसरा दिवस: पहिली आज्ञा

बे रिकामी, हूक मोकळा आणि मधल्या उंचीवर, एक माणूस आयसोलेटरपाशी हात ठेवून. किल्ली फिरवली, स्टॉप सोडवला, स्टार्ट दाबला. मेन ओढल्याचा ‘खट्’ आवाज आला, भोंगा वाजला. पेंडंटची केबल हातात नसताना पहिल्यांदा बटण दाबताना अंगठा जरा जडच पडतो.

‘वर’ अर्धं दाबलं. हूक खाली आला.

इथे हात वायर अदलाबदल करायला शिवशिवतात. आधी सिलेक्टर पेंडंटवर टाकून तीच हालचाल बघायची. पेंडंटवर ‘वर’ म्हणजे वरच जात असेल तर चूक रिसीव्हरच्या वायरिंगमध्ये आहे, दोन नंबर उलटे लागलेत. तसं असेल तर लिमिट स्विच अजून योग्य कॉन्टॅक्टरवरच आहे. आमचं तेच निघालं, ११ आणि १२ ची फेरूलं अदलून गेली होती.

पण पेंडंटवरही दिशा उलटी निघाली, तर पुरवठ्याचे दोन फेज उलटे झालेले असतात, बसबारचं काम झाल्यावर हे हटकून होतं. ही स्थिती जीवघेणी आहे. ‘वर’ कॉन्टॅक्टर आता हूक खाली सोडतो आणि हूक वर नेणारा ‘खाली’ कॉन्टॅक्टर आहे, ज्याच्या वाटेत वरचा लिमिट स्विच नाहीच. अशा वेळी रिमोटच्या वायर उलटवल्या की बटणं बरोबर वाटू लागतात आणि लिमिट कायमचा निकामी राहतो. फेज पुरवठ्याच्या बाजूलाच दुरुस्त करायचे.

मग लिमिट: हळू वेगाने, रिकामा हूक, रिमोटवरून. थांबला. त्यानंतर प्रत्येक दिशा हळू, मग जलद. प्रत्येक हालचाल चालू असताना स्टॉप. प्रत्येक वेळी मेन कॉन्टॅक्टर खरोखर सुटला का ते त्याच्या आउटपुटवर मीटरने मोजलं. हालचाल थांबली म्हणजे मेन सुटला असं नसतं.

शेवटी एक तपासणी बरेच जण टाळतात: बटण दाबून ठेवलेलं असताना किल्ली बंद करून पुन्हा सुरू करणं. कुठलंही बटण दाबलेलं असेल तर स्टार्टने मेन ओढता कामा नये. आमच्या सेटने नकार दिला, बरोबर.

चौथा दिवस: सिग्नल तुटला तर

रिमोट गप्प झाला तर रिसीव्हरने स्वतःहून क्रेन थांबवायची असते. किती वेळात, हे सेटिंगवर आहे. एलटीचा जलद वेग मिनिटाला ४० मीटर, म्हणजे सेकंदाला ६७ सेंटिमीटर. रुळालगत खडूची रेघ मारली, एकाने एलटी जलद दाबून धरलं, क्रेन रेघेवर येताच दुसऱ्याने रिमोटची बॅटरी काढली. क्रेन रेघेपुढे ९५ सेंटिमीटरवर थांबली. सेटिंग १ सेकंदाचं होतं: ६७ सेंटिमीटर नुसते वाट पाहण्यात, उरलेले २८ ब्रेकमध्ये. मॅन्युअलप्रमाणे ते अर्ध्या सेकंदावर आणलं, अंतर साठच्या आसपास आलं. फार कमी केलं तर एखादा चुकलेला संदेशही क्रेन थांबवतो आणि भार झुलतो.

मग पल्ल्याची तपासणी. बेच्या चारही कोपऱ्यांतून, मोठ्या यंत्रांच्या मागून, क्रेन दुसऱ्या टोकाला असताना. शेजारची क्रेनही त्या वेळी चालू ठेवली, एकटी क्रेन नेहमीच शहाण्यासारखी वागते.

पाचवा दिवस: विनाकारण थांबणं

दुपारी क्रेन तीनदा मध्येच थांबली. सगळ्यांचं बोट रेडिओकडे. पण रिसीव्हरवर दोन दिवे असतात, विजेचा आणि सिग्नलचा, त्यांनी निम्मं निदान करून टाकलं. विजेचा दिवा स्थिर आणि सिग्नलचा विझला तर प्रश्न रेडिओचा. दोन्ही एकदम विझले तर पुरवठ्याचा.

दोन थांब्यांत दोन्ही दिवे विझले होते. होइस्टचा जलद कॉन्टॅक्टर ओढताना कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज ११२ वरून क्षणभर ९० वर उतरत होतं. कॉन्टॅक्टरच्या कॉइलची हमी साधारण ८५ टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे ११० च्या कॉइलला साडेत्र्याण्णवच्या खाली भरवसा नाही. ट्रान्सफॉर्मर आधीच काठावर होता, रिसीव्हरने उरलेलं खाल्लं. मोठ्या व्हीएच्या, म्हणजे जास्त क्षमतेच्या, ट्रान्सफॉर्मरची वाट पाहण्यात आणखी दोन दिवस.

तिसऱ्या थांब्यात फक्त सिग्नलचा दिवा गेला होता, तोही एलटी जलद असतानाच. रिसीव्हरची केबल एलटी मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून गेली होती. व्हीएफडी ते मोटर ही केबल गोंगाटाचं उगमस्थान. रिसीव्हरची केबल दुसऱ्या बाजूने, अंतर ठेवून नेली, मोटर केबलचं शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाकार क्लँपने अर्थ केलं. पुन्हा झालं नाही.

चालवणाऱ्याच्या हातात

ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर १० टनांचा भार जमिनीपासून हातभर उचलून धरला, पाच मिनिटं पाहिलं, सरकला नाही. मग क्रेन चालवणाऱ्यांना दोन दिवस शिकवलं.

पेंडंट माणसाला क्रेनशी बांधून ठेवायचं. रिमोट कुठेही उभं राहू देतो, म्हणूनच चुकीच्या जागीही. शिवाय पाठ फिरवली की डावं-उजवं उलटं होतं. त्यासाठी रिमोटवरच्या बाणांचीच चिन्हं गर्डरच्या पोटावर फूटभर मोठी रंगवली. सवय अशी लावली: आधी हळू वेगाचा एक टोला, क्रेन कुठे जाते ते बघा, मगच पूर्ण दाबा. नजर भारावर, रिमोटवर नाही. उलटं चालायचं नाही. स्लिंग अडकवायला हूकला हात लावायचा असेल तर आधी स्टॉप दाबा, खिशाला अडकवलेला रिमोट माणूस वाकला की कशालाही दाबला जातो. स्टॉप रोजच्या थांबण्यासाठी वापरायचा नाही, जलद वेगातून मेन तोडला की भार घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो आणि ब्रेकचे लायनर झिजतात.

दोन्ही रिमोटवर क्रेनचा नंबर मोठा लिहिला आणि पट्ट्यांचे रंग वेगळे ठेवले, एकाला पिवळा, दुसऱ्याला निळा. पहिल्याच सकाळी एकाने ५ टनीचा रिमोट उचलून १० टनी का हलत नाही म्हणून विचारलं होतं, तीस मीटरवर ५ टनी निमूटपणे सरकत होती.

बॅटरीचा दिवा लाल झाला की हातातला भार खाली ठेवायचा आणि बॅटरी बदलायची. चार्जर खांबावर, एक बॅटरी कायम भरलेली. जादा रिमोट त्याच ओळख-कोडचा आहे, म्हणजे दोन्ही सुरू झाले तर एकाच क्रेनला दोन मालक. तो बॅटरी काढून सुपरवायझरच्या कपाटात, सही करूनच मिळतो.

पाळीच्या सुरुवातीची तपासणी पाच मिनिटांची: रिमोटची काच-रबर फाटलंय का, स्टॉप, भोंगा, सहाही दिशा रिकाम्या हुकाने, वरचा लिमिट हळू वेगाने. नोंद वहीत.

सुधारित ड्रॉइंग, बदलाची नोंद, जोखमीचा आढावा, चॅनल आणि सेटिंगचा कागद पॅनलच्या दारात प्लॅस्टिकच्या खिशात ठेवलेत. पेंडंट काढलेलं नाही, ते गुंडाळून ट्रॉलीखाली टांगलंय आणि महिन्यातून एकदा त्याच्यावरही क्रेन चालवून पाहायची असं वहीत लिहिलंय.